‘अल्टरनेटिव्ह स्टँड-अप कॉमेडियन’ला मराठीत काय म्हणावं?

डिचोलीकर: पणजीतल्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत पाहुण्यांचा परिचय ‘पर्यायी एकपात्री कलाकार व विनोदी लेखक’ असा छापायचं घाटतंय. कानाला बोचतं. काय लिहावं?

फोंडेकरीण: ‘पर्यायी’ नकोच. पुलाचं काम निघालं की पर्यायी रस्ता. ठरलेला कलाकार आजारी पडला म्हणून हा आणला, असंच वाचणाऱ्याला वाटेल. ‘अल्टरनेटिव्ह’ हा शब्द लंडनचा. 1979 साली सोहोत ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झालं, पहिला निवेदक ॲलेक्सी सेल. सासू, बायका, परकीय यांच्यावरचे घासून गुळगुळीत झालेले विनोद नकोत, ही त्या मंडळींची भूमिका. सिनेमासारखं ‘समांतर’ चालेल.

पेडणेकर: समांतर म्हणजे कडेकडेनं जाणारं. ही मंडळी तर 1982 पर्यंत बीबीसीवर पोचली होती. तरी ‘पर्यायी’पेक्षा बरंच बरं. माझा खरा विरोध ‘एकपात्री’ला. तिथं एकच नट अनेक पात्रं उभी करतो. स्टँड-अपवाला स्वतःच्या नावानं बोलतो, समोरून कोणी टोकलं तर तिथल्या तिथं उत्तर देतो. दशावतारातला संकासुर जवळचा वाटतो, पण तोही सोंग घेऊनच. तियात्र या गोव्यातल्या कोंकणी नाट्यप्रकारातलं कांतारही दोन पडद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मध्ये चालू राजकारणाला चिमटा काढतं, पण ते गाणं. ‘स्टँड-अप’ तसंच ठेवा.

फोंडेकरीण: मान्य. आणि ‘पंचलाइन’ला ‘कोटी’ लिहू नका. कोटी म्हणजे शब्दाचा खेळ. नाटकवाले ‘हशाची जागा’ म्हणतात, तो शब्द नेमका. मराठीत ही जागा हमखास चुकते, कारण क्रियापद शेवटी येतं. ‘आमच्या वाड्यावर डॉक्टर तीन, पण सगळे औषध म्हणून फेणीच देतात’ यात लोक ‘फेणी’ला हसायला लागतात आणि ‘देतात’ त्यांच्या हसण्यावर पडतं. ‘डॉक्टर तीन, औषध एकच. फेणी.’ असं केलं की हशा मोकळा होतो. मग ‘हुर्राकाच्या दिवसांत दुसरं मतही मिळतं’. (हुर्राक म्हणजे फेणीच्या आधी निघणारी काजूची दारू.) हशानंतर जोडलेल्या अशा ओळीला टॅग म्हणतात, आपण ‘शेपूट’ म्हणू.

डिचोलीकर: म्हणजे ‘समांतर स्टँड-अप विनोदकार’. ‘व विनोदी लेखक’ ठेवू?

पेडणेकर: विनोदकार म्हटल्यावर स्वतःचं लिहिणं त्यात आलंच. दुसऱ्यांसाठी लिहीत असतील तर ‘संहितालेखक’ म्हणा. ‘विनोदी लेखक’ रूढ आहे खरा, पण विशेषण लेखकालाच चिकटतं.