मदत हवी आहे : दुर्गम आरोग्य केंद्रातील पर्यायी विजेसाठी निविदेच्या अटी कशा लिहाव्यात?

सर्वांना नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. भांडार आणि लसींची शीतसाखळी माझ्याकडे असल्यामुळे खरेदीचे कागदही माझ्याच टेबलावर तयार होतात. पर्यायी विजेच्या व्यवस्थेचा प्रस्ताव या महिन्यात वर पाठवायचा आहे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ता बंद होतो, आणि जंगलातून येणाऱ्या ११ केव्ही वाहिनीवर झाड पडले तर लाइनमन पोहोचेपर्यंत दोन-दोन दिवस अंधार असतो. जनरेटर आमच्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी निधी परत जाऊ नये म्हणून तो मार्चअखेरीस घाईने घेतला गेला. सर्वात कमी दराच्या पुरवठादाराने तो आवारात उतरवला, साठा नोंदवहीत नोंद झाली आणि देयकही निघाले. चौथरा, अर्थिंग, मुख्य वीज आणि जनरेटर यांत बदल करणारा चेंजओव्हर स्विच यांचा निविदेत उल्लेखच नसल्याने वर्षभर तो ताडपत्रीखाली होता. पुढे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून जोडणी करून घेतली, पण देखभालीचा करार आजही नाही.

गेल्या जुलैमध्ये प्रसूती सुरू असतानाच वीज गेली. शिपाई चावी फिरवत होते आणि आतून फक्त टक-टक आवाज येत होता, कारण जनरेटरची बॅटरी उतरलेली होती. सिस्टरांनी मोबाइलच्या उजेडात नाळ कापली. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर थंड पडला होता, म्हणून बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी लावले आणि वरून आजीचे लुगडे गुंडाळले. बाळ सुखरूप आहे. त्याला ऑक्सिजन लागला असता, तर हवेतून ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटरही बंदच होता, हे मात्र मनातून जात नाही.

लसींची मला तेवढी चिंता नाही. आयएलआर (लसी ठेवण्याचा बर्फाच्या अस्तराचा फ्रिज) दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तापमान २ ते ८ अंशांत राखतो. खरी गरज प्रसूतिगृहाची आहे. वॉर्मर सुमारे ६०० वॉट, कॉन्सन्ट्रेटर ३५० आणि दिवे-सक्शन मिळून १५० धरले, तर भार ११०० वॉट होतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्यांत ७.२ युनिट वीज साठते, पण बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरली, तर जेमतेम तीन तास निघतात. दोन दिवसांच्या ढगाळ हवेत केवळ सौर संच पुरणार नाही, म्हणून लहान सौर संच आणि जनरेटर दोन्ही एकाच निविदेत मागावेत, असे माझे मत आहे. ऑटोक्लेव्ह (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) मात्र जनरेटरवरच चालवावा लागेल.

माझी मुख्य अडचण अशी आहे. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बिड (निविदा) काढताना पुरवठा, उभारणी, चाचणी आणि पाच वर्षांची सर्वसमावेशक देखभाल एकत्र ठेवून, देयकाचा काही भाग दर पावसाळ्यानंतर, यंत्रणा पूर्ण भारावर चालवून पाहिल्यावरच द्यावा, अशी अट घालता येते का? लेखा शाखेचे म्हणणे असे, की निधी त्याच आर्थिक वर्षात खर्ची पडला पाहिजे. मग उरलेली रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली ठेवली जाते, की सुरक्षा ठेवच वाढवून घेतात? बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा, हे लिहिताना पुराचे दिवस वगळावेत का? ते वगळले तर नेमक्या गरजेच्या दिवसांत आमचा कोणी वाली राहत नाही. न वगळले तर कोणी दरच भरणार नाही, अशी भीती वाटते. त्यापेक्षा फिल्टर, बेल्ट आणि जादा बॅटरी केंद्रातच ठेवणे व गावातल्या आयटीआय झालेल्या दोन मुलांना प्रशिक्षण देणे पुरवठादारावर बंधनकारक केले, तर ते नियमांत बसेल का?

दुसरा प्रश्न डिझेलचा. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीत आरोग्याचा समावेश आहे. त्यातून ग्रामसभेच्या ठरावाने इंधनाचा आवर्ती खर्च कोणी मंजूर करून घेतला आहे का? लेखापरीक्षणात आक्षेप आला होता का?

मेळघाट, धडगाव, जव्हार किंवा अशाच भागांत कोणी ही प्रक्रिया पूर्ण केली असेल, तर बिडमधील देयकाची आणि देखभालीची कलमे जशीच्या तशी येथे लिहावीत, ही विनंती. दर कळवले नाहीत तरी चालेल, मला कलमांची भाषा हवी आहे.