वैयक्तिक ब्लॉग पुन्हा लिहावा का?

प्रश्न

मी 2009 ते 2014 या काळात मराठीत ब्लॉग लिहीत असे. कोकणातले घर, नोकरीतल्या बदल्या, वाचलेली पुस्तके, काहीही त्यात चाले. लेख ‘साभार परत’ येण्याची धास्ती नसल्याने हात मोकळा झाला होता. पुढे गावच्या वाटण्यांवर एक लेख लिहिला. त्या वर्षी गणपतीत घरी गेले, तेव्हा काकांनी त्याच लेखाचा छापील कागद आरतीच्या पुस्तकातून काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “हे चव्हाट्यावर आणायची काय गरज होती?” मी कोणाचेही नाव लिहिले नव्हते, पण आमच्या वाडीत माणूस ओळखायला नाव लागत नाही. तेव्हापासून लिहिणे थांबले. आता पुन्हा लिहावेसे वाटते. मात्र स्वतःविषयी लिहायचे आणि घरच्यांना वगळायचे, हे जमते का? शिवाय एवढे लांबलचक आता वाचते तरी कोण?

प्रतिसाद 1

वाचणारे आहेत, मी त्यांतलाच एक. वडिलांचे पोटातून करायचे डायलिसिस घरी सुरू झाले, तेव्हा दोन-दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून चार वेळा कशा बदलायच्या, हे रुग्णालयात नीट शिकवले होते. पण महिन्याभराची खोकी दोन खोल्यांच्या घरात रचायची कुठे, पिशवी अडकवायचा खिळा किती उंचीवर ठोकायचा, लग्नकार्याला गेल्यावर आडोसा कुठे शोधायचा, हे कोणी सांगितले नव्हते. पतीची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईंच्या ब्लॉगवर ते सारे मिळाले, तेही उपदेशाचा आव न आणता. त्यांच्या विश्वासावर आम्ही परस्पर वडिलांचे पाणी कमी केले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली, कारण त्यांच्या पतीचे पथ्य वडिलांना लागू नव्हते. त्यात बाईंचा काही दोष नाही. त्यांची शेवटची नोंद खोक्यांचा टेम्पो उशिरा आल्याची आहे. तिच्याखाली मी दोनदा विचारपूस केली. उत्तर आलेले नाही.

प्रतिसाद 2

मला एवढा जिव्हाळा वाटत नाही. त्या काळी आम्ही ब्लॉगवाले बहुधा एकमेकांचेच वाचत होतो आणि ‘छान लिहिले आहे, पुलेशु’ (म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा) एवढ्यावर परतफेड होत असे. संपादक नसल्याचे सुख खरे. पण ‘हा परिच्छेद काढा’ असे सांगणारेही कोणी नव्हते. गेल्या वर्षी माझ्या जुन्या नोंदी सलग वाचल्या, तर पहिला पाऊस आणि आजीच्या हातची आमटी दर जूनमध्ये नेमाने हजर! 1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर ही ब्लॉगांच्या नव्या नोंदी एकत्र दाखवणारी सेवा बंद झाल्यावर, नवी नोंद आपोआप समोर येण्याची सवय मोडलेले माझे बरेचसे वाचक गेले ते परतले नाहीत. तरीही फेसबुकवर चार वर्षांपूर्वीचे स्वतःचेच लिखाण शोधताना नाकी नऊ येतात. ब्लॉगवर ते महिन्यावार लावलेले सापडते, हे मान्य करावे लागेल. आपण लिहिणार असाल, तर आधी जुन्या नोंदींची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी. माझी छायाचित्रे दुसऱ्याच एका संकेतस्थळावर साठवलेली होती. ते बंद पडले आणि आता मजकुराच्या मध्ये नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात.

प्रतिसाद 3

घरच्यांना पूर्ण वगळले, तर वैयक्तिक लिखाणात हवापाण्याखेरीज काय उरणार? मी एक पथ्य पाळते: ज्याच्याविषयी लिहिले, त्याला आधी वाचायला देते. यात काही लेख कायमचे खणात पडून राहतात, हे खरे. बहिणीच्या घटस्फोटावरचा माझा सर्वांत चांगला लेख तिच्याखेरीज कोणीही वाचलेला नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तो जुना लेख रविवारी मी काकांना फोनवर संपूर्ण वाचून दाखवला. वाटण्यांच्या भागावर ते काहीच बोलले नाहीत. परसातली हापूसची कलमे सात नव्हे, नऊ होती आणि विहिरीचा रहाट आजोबांनी नव्हे, त्यांच्या धाकट्या भावाने बसवला होता, या दोन चुका मात्र त्यांनी तातडीने दुरुस्त करायला सांगितल्या आहेत.