जुन्या थेटरांसाठी गळे काढणं पुरे झालं का?

शेवटची_रांग
गल्लीतलं एकपडदा थेटर पाडलं की लगेच फोटो आणि उसासे सुरू. मला आठवते ती पाठीत घुसणारी स्प्रिंग, डोळ्यांपुढचा खांब आणि मध्यंतरानंतर आत शिरणारा मुतारीचा वास. ऐन रंगात रीळ तुटायचं, जोडून लावलं की मधली चार वाक्यं गायब. आपण थेटरासाठी नाही, आपल्या पंधराव्या वर्षासाठी रडतोय. पटतंय का?

कार्बनकांडी
अजिबात नाही. माझे काका थेटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते, सुट्टीत मी त्यांच्या केबिनमध्ये पडीक असे. २,००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम २२ मिनिटं चालतं. तीन तासांच्या सिनेमाला नऊ रिळं, म्हणजे आठ बदल. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की पुढचं रीळ लावलेल्या शेजारच्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की याची झडप बंद, त्याची उघडी. त्या ठिपक्यापायी काका शिंकसुद्धा दाबून धरायचे. शिवाय मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळतील तशा जवळ आणत राहायच्या, नाहीतर उजेड ढासळतो. चुकलं तर अख्खं थेटर शिव्या घालणार. नाही चुकलं, तर वर कोणी बसलंय हे कुणाच्या गावीही नाही.

शेवटची_रांग
काकांना नमस्कार. पण कष्ट त्यांचे आणि भोग आमचे, हे कसं? आमच्याकडे प्रिंट यायची तीच मोठ्या थेटरांत झिजून. पडद्यावर कायम ओरखड्यांचा पाऊस! आता फाइल सर्व्हरवर चढते, शंभराव्या खेळालाही चित्र लख्ख.

तिसरी_घंटा
तुम्ही दोघं रिळांवर भांडताय. मला थेटर म्हटलं की पर्समधली सेफ्टी पिन आठवते, मागच्या खुर्चीवरून येणाऱ्या हातासाठी. एकटीनं सिनेमाला जायची हिंमत मला मल्टिप्लेक्स आल्यावरच झाली. (डोअरकीपरचा टॉर्च नेमका तेव्हाच कुठे जायचा, देव जाणे.) तरी खरं सांगते, मैत्रिणींची अख्खी रांग एका पदराला डोळे पुसायची, तसं रडणं पुन्हा झालं नाही.

कार्बनकांडी
ताई, पिनेवर माझ्याकडे उत्तर नाही. पण रडण्याचं बोललात तसंच हसण्याचं. आठशे माणसं एकदम हसली की पुढचं वाक्य बुडायचं. ते ऐकायला पुन्हा तिकीट काढलंय मी.

हिशेबनीस
मालकाच्या बाजूनं बोलायला कोणीच नाही? एक पडदा म्हणजे आठवड्याला एकच डाव. सिनेमा पडला तर आठशे खुर्च्या रिकाम्या, आणि वीजबिल पूर्ण. चार पडदे असले की पडलेला सिनेमा छोट्या हॉलमध्ये ढकलता येतो. त्यात जागेला सोन्याचा भाव. तुम्ही किती वेळा गेलात हो शेवटच्या पाच वर्षांत?

कार्बनकांडी
एकदा. तेही पाडणार कळल्यावर.

शेवटची_रांग
हे आवडलं. काका आता बघतात का सिनेमे?

कार्बनकांडी
मीच नेतो. वीस मिनिटं झाली की त्यांची नजर आपोआप उजव्या कोपऱ्यात जाते. ठिपका काही येत नाही. मग थोड्या वेळानं घोरायला लागतात.