द्राक्षाच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतरची फवारणी आणि हवामानाचा सल्ला

प्रश्न (दिंडोरी): मोबाइलवर पावसाचा अंदाज आला म्हणून मी द्राक्षावर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी केली, पण बागेत थेंबही पडला नाही. दोन एकरवाल्याने अशा सल्ल्यावर कितपत विसंबावे?

उत्तर (निफाड): हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी पुढील 5 दिवसांसाठी येतो, मात्र तो जिल्ह्याचा वा तालुक्याचा असतो, आपल्या शिवाराचा नव्हे. शिवाय डाऊनीला पाऊसच लागतो असे नाही. दव पानावर काही तास टिकले तरी तिचे भागते, म्हणून मी पहाटे पानाची खालची बाजू बोटाने पुसून पाहतो.

उत्तर (पिंपळगाव): महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत, पडलेला पाऊस त्यांवरून कळतो, पडणारा नव्हे.

प्रश्नकर्ता: पानाखाली ओल होती खरी. म्हणजे औषध अगदीच वाया गेले नाही.