आयकिडो: हात लागायच्या आधीच पडणारे विद्यार्थी, माझे गुडघे आणि 'सुसंवाद' म्हणजे नेमकं काय?

सीवूड्सवाली

नमस्कार मंडळी. वय ४१, आजवर कुठलाही मार्शल आर्ट केलेला नाही, आता आयकिडो शिकायचं मनात आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी जमतील. नेरुळ-वाशी पट्टा सोयीचा, चांगलं शिकवणारं कोणी असेल तर ट्रान्सहार्बरने ठाण्यालाही जाईन.

एक वर्ग बाहेर बसून पाहिला (नाव लिहीत नाही). तिथून तीन प्रश्न घेऊन आले:

१. सरांनी हात नुसता पुढे केला की विद्यार्थी धाडकन पडत होते. हे खरं असतं का?
२. बराच वेळ वज्रासनात बसून सराव चालला होता. चाळिशीनंतर गुडघ्यांना झेपेल?
३. सर सारखे "समोरच्याशी सुसंवाद साधा" म्हणत होते. कोणी मनगट घट्ट आवळलं असताना सुसंवाद म्हणजे हातापायांनी करायचं काय?

पारसिक

ताई, तिसऱ्यापासून सुरू करतो. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

'आय' म्हणजे जुळणं, 'कि' म्हणजे प्राण, श्वासामागची ताकद, आणि 'दो' म्हणजे वाट. 'सुसंवाद' हा शब्द व्यासपीठावरचा वाटतो, 'मेळ' म्हणा. गाणारा आणि तबलजी समेवर येतात तेव्हा कोणी कोणाला ओढून आणत नाही, पण अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली तरी कानाला कळते. आयकिडोत ते मनगटाला कळतं.

पहिल्याच महिन्यात जो सराव करून घेतात त्याचं नाव कातातेदोरी तेन्कान. पकडणारा म्हणजे उके, करणारा म्हणजे नागे. उके डाव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरतो. तुमचा उजवा पाय पुढे, त्याचा डावा पुढे, आरशात पाहिल्यासारखे.

धरलेला हात आहे तिथेच राहू द्या. मागे खेचू नका, वर उचलू नका. बोटं पसरा, तळवा वर वळवा, बोटांची टोकं स्वतःच्या पोटाकडे येऊ द्या. मग उजवा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला अर्धं पाऊल सरकवा. त्या पायाच्या चवड्यावर डावीकडे फिरा आणि मागचा पाय मागून घुमवून आणा, पूर्ण १८० अंश. आता तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या, दोघांची तोंडं एकाच दिशेला आणि धरलेला हात तुमच्या बेंबीसमोर.

हे का चालतं, तर त्याच्या पकडीचा जोर त्याच्या हाताच्या रेषेत असतो. पकडीची जागा हलली नाही तर त्याच्या हाताला 'ओढलं' ही खबर पोचतच नाही, म्हणून तो विरोधही करत नाही. तोवर तुमचं शरीर त्या जागेभोवती फिरून गेलेलं असतं. तुम्ही मनगट खेचलंत की त्याच क्षणी त्याचं कोपर आवळतं आणि रस्सीखेच सुरू होते. मेळ म्हणजे एवढंच: त्याचा जोर जिकडे चाललाय तिकडे तोंड करून उभं राहणं. हार मानणं नव्हे, कारण शेवटी तोल तुमच्याकडे असतो आणि त्याची पाठ किंवा बगल उघडी पडलेली असते.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. नजर मनगटावर खिळली की डोकं खाली जातं आणि कंबरेतून वाकणं होतं. उके बघतोय तिकडे बघा. पाऊल टाकण्याआधीच फिरलात तर हात मागे कुल्ल्यापाशी अडकतो, खांदा पिरगळतो आणि हलक्या धक्क्यानेही तुम्ही पडता. तिसरी चूक गुडघ्याला महाग पडते: फिरताना टाच मॅटवर दाबलेली राहिली तर पाऊल चिकटून बसतं आणि वळण गुडघ्यात जातं. टाच कागद सरकेल इतकीच उचला, पण उचला.

जोडीदाराला आधी हलकं धरायला सांगा, मग निम्म्या जोराने, मग पूर्ण. पूर्ण जोरात तुमचा खांदा कानाकडे चढायला लागला तर मुकाट्याने निम्म्यावर परत या.

तलावपाळी

पहिल्या प्रश्नाबद्दल.

आयकिडोत पडणारा हा हरलेला नसतो, तो निम्मं तंत्र करत असतो. पडण्याला उकेमी म्हणतात. कोतेगाएशीत मनगट बाहेरच्या बाजूला वळतं तेव्हा जाणकार उके सांधा दुखायच्या आधीच उडी घेतो, कारण थांबला तर मनगट जातं. बाहेरून बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. दुसरीकडे, खरोखर नाटक करणारे वर्गही आहेत. फरक ओळखायला पडणाऱ्याचे पाय बघा. कंबर पावलांच्या बाहेर गेली असेल, एक टाच उचलली असेल, पाठ कलली असेल, तर तोल गेलाय आणि पडणं खरं आहे. दोन्ही टाचा जमिनीला, पाठ ताठ, आणि तरीही माणूस उडाला, तर तो सरांना खूश करतोय. नवशिक्याला असं पडायची सवय लागली की तो आयुष्यभर खोटा हल्ला करतो, आणि जोडीदाराला काहीच शिकता येत नाही.

आता प्रत्यक्ष पडण्याबद्दल, कारण पहिले दोन महिने तेच महत्त्वाचं. मागे पडताना (उशिरो उकेमी) एक पाय मागे दुमडून त्याच बाजूच्या कुल्ल्यावर बसा, हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. पट्टा दिसत असेल तर डोकं आपटत नाही. हात मागे टेकवायचा नाही. घाबरलेला माणूस हमखास तेच करतो आणि मनगट मोडून घेतो.

पुढच्या लोळणीत (माए उकेमी) हाताची करंगळीकडची कड, मग बाहूची कड, कोपर, खांदा, आणि तिथून पाठीवरून तिरकं विरुद्ध बाजूच्या कुल्ल्यापर्यंत. उजवा खांदा, डावा कुल्ला. मणक्यावरून सरळ गेलात तर मॅटवर 'टक टक' असा एकेका मणक्याचा आवाज येतो. चांगली लोळण जवळजवळ मुकी असते. कोपर मध्येच दुमडलं तर सगळं वजन खांद्याच्या टोकावरच्या हाडावर येतं. आयकिडोत खांदे दुखावतात ते बरेचदा असेच. म्हणून हाताची कमान अखंड ठेवा, सुरुवात एका गुडघ्यावर बसून करा, उभ्याने करायची घाई नको.

एक धोक्याची जागा मुद्दाम सांगते, शिहोनागे. नागे उकेचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडून तलवारीच्या वारासारखा खाली आणतो. हात उकेच्या खांद्याजवळ राहिला तर तो नीट बसून पडतो. नागेने हात खांद्यापासून दूर, बाहेर ओढला तर कोपर आणि खांदा दोन्ही पिळले जातात, उकेला वळायला जागा राहत नाही आणि डोक्याचा मागचा भाग आधी खाली येतो. ज्या वर्गात नवशिक्यावर शिहोनागे वेगाने मारतात तिथून चप्पल घालून निघा. दुखलं की मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारायची, त्या थापेवर समोरच्याने त्याच क्षणी सोडलं पाहिजे. "जरा सहन करा" हे उत्तरच नाही.

घोडबंदर_रोड

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. वज्रासनासारखी बैठक ती सेइझा, गुडघ्यांवर चालणं ते शिक्को. जेवायला मांडी घालून बसणाऱ्याला सेइझा सहसा जड जात नाही, पण शिक्को वेगळं प्रकरण आहे, तिथे वाकलेल्या गुडघ्यावर वळणही येतं. पायाची बोटं दुमडून (चवडे टेकून) चाला आणि दोन्ही टाचा एकमेकींजवळ ठेवा. टाचा फाकल्या की गुडघा पिरगळतो. जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि तेच तंत्र उभ्याने करा. समंजस शिक्षक नाही म्हणत नाहीत. गुडघ्याच्या आत किंवा मागे कळ आली तर त्या दिवशी बसून काहीही करू नका.

सीवूड्सवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. टाचा बघायला परत जाणार आहे! आणखी दोन शंका. त्या वर्गात कोड्यासारखे जोडायचे रंगीत मॅट होते, साधारण बोटाच्या जाडीचे. ते पुरतात का? आणि शिक्षक खरोखर शिकलेले आहेत हे विचारायचं कसं, उद्धट न वाटता?

घोडबंदर_रोड

बोटाच्या जाडीचे म्हणजे २० ते २५ मिमी. कराटेला ठीक, रोज पडायला नाही. आयकिडोसाठी ४० मिमी हवेत, खाली टाइल्स असतील तर नक्कीच. एका जोडीला निदान ३ × ३ मीटर मोकळी जागा धरा, नाहीतर दोन उके एकमेकांवर लोळतात. तुकड्यांमधल्या फटी पायाने चाचपून बघा. फटीत पायाचं बोट अडकून फिरलं की ते मोडतंच.

आपल्याकडे पावसाळ्याचा हिशेब वेगळा. खाडीकाठच्या दमट हवेत टाइल्सना घाम फुटतो आणि तो मॅटखाली कोंडतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मॅट उचलून कडेवर उभे करून पंख्याखाली वाळवायला हवेत. वर्गात शिरताच कुबट वास आला तर कोणी उचलत नाही असं समजा. तुमच्या पोशाखाचंही तसंच: ज्युडोचा जाड विणीचा गी पकडीला टिकतो पण दोन दिवस वाळत नाही, कराटेचा पातळ लवकर वाळतो पण बाहीच्या शिवणीत उसवतो. पावसाळ्यापुरता दुसरा पातळ घ्या. बांगड्या, कडं, राखीचा दोरा, मंगळसूत्र, सगळं काढून, नखं कापलेली.

तलावपाळी

शिक्षकांना सरळ विचारा: "सर, आपण कोणाकडे शिकलात, आणि दान कुठल्या संस्थेकडून?" ('दान' म्हणजे ब्लॅक बेल्टची पायरी.) 'सेन्सेई' याचा शब्दशः अर्थ आधी जन्मलेला, वाटेवर आपल्या पुढे असलेला. ज्याने खरंच वाट चालली आहे त्याला आपल्या गुरूचं नाव सांगायला आनंदच होतो, आपल्याकडे गाणारा घराणं सांगतो तसं. आयकिकाई या मुख्य संस्थेच्या शैलीत दानची नोंद तोक्योच्या होम्बू दोजोत, म्हणजे मुख्यालयात होते आणि तिथलं प्रमाणपत्र मिळतं. तिथल्या नियमांप्रमाणे ५व्या क्यूसाठी (क्यू म्हणजे दानच्या आधीच्या पायऱ्या, उतरत्या क्रमाने) ३० दिवसांचा सराव, ४थ्यासाठी त्यानंतर ४०, ३ऱ्या आणि २ऱ्यासाठी प्रत्येकी ५०, १ल्यासाठी ६०, आणि शोदानसाठी, म्हणजे पहिल्या दानसाठी, आणखी ७० दिवस लागतात. हे हजेरीचे दिवस आहेत, कॅलेंडरचे नव्हेत. आठवड्याला दोन वर्ग धरले तर पहिल्या परीक्षेलाच साधारण चार महिने जातात, आणि गणपती-नवरात्रात सोसायटीचा हॉल मंडळाकडे गेला की आणखी. 'सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट' असा फलक दिसला तर पुढे विचारायची गरज नाही.

आणखी एक बघा. शिक्षक स्वतः कधी नवशिक्याचा उके होतात का? सर्वांत चांगलं शिकवणं तिथे होतं, कारण चूक त्यांच्या अंगाला कळते.

पारसिक

शैलीही विचारून घ्या. गोझो शिओदांचं योशिन्कान (१९५५) टप्प्याटप्प्याने, काटेकोर पवित्र्यांनी शिकवतं. केंजी तोमिकींच्या शाखेत स्पर्धा आहेत, आयकिकाईत नाहीत. कोइची तोहेई १९७४ मध्ये वेगळे झाले, त्यांच्याकडे श्वास आणि 'कि' यांवर भर.

तत्त्वज्ञानाबद्दल एक गोष्ट राहिली. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांचा पाया मऊ नव्हता. १९१५ मध्ये होक्काइदोत त्यांना सोकाकु ताकेदा भेटले आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्यू शिकले, म्हणजे सांधे पिरगळण्याची आणि मोडण्याची जुनी विद्या. मग ओमोतो पंथाचे ओनिसाबुरो देगुची यांच्या सहवासात विचार बदलत गेला. आयकिडो हे नाव १९४२ चं, त्याच सुमारास ते तोक्यो सोडून इवामाला शेती आणि साधना करायला गेले. म्हणजे हात तोच राहिला, पण तो कशासाठी वापरायचा हे बदललं. इक्क्यो हे पहिलं तंत्र घ्या. उकेचं कोपर तुमच्या हातात आहे, मोडता येतं, आणि तुम्ही ते त्याच्याच कानाच्या रेषेत वर नेऊन त्याला जमिनीवर सुखरूप टेकवता. जिथे मोडता येत होतं तिथे मोडलं नाही, हा मेळ. कोपर हातातच नसेल तर मग सौजन्य दाखवायला काही उरत नाही, म्हणून ताकद लागते आणि अचूकपणाही लागतो. उएशिबा 'मासाकात्सु आगात्सु' म्हणत, खरा जय तो स्वतःवरचा जय. मॅटवर त्याचा अर्थ अगदी साधा निघतो: समोरचा जोर लावतोय, तुम्हालाही लावावासा वाटतोय, आणि तुम्ही खांदा खाली सोडता.

पहिल्या दिवशी वर्ग सुरू होताना जोडीदाराला वाकून 'ओनेगाइशिमास' (विनंती) म्हणतात, शेवटी 'दोमो आरिगातो गोझाइमाशिता' (मनापासून आभार). समोरच्या उएशिबांच्या फोटोला वाकणं ही पूजा नव्हे, तालमीत शिरताना मातीला हात लावतो तसं समजा. दहा मिनिटं आधी पोचा आणि मॅटच्या कडेला चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवा.