मदत हवी आहे: निरनिराळ्या भाषांतील ‘ने’

नमस्कार. एकाच उच्चाराच्या छोट्या शब्दांची टिपणे मी विद्यार्थ्यांसाठी करीत असून सध्या ‘ने’ हा शब्द घेतला आहे. मराठीत तो तृतीयेचा प्रत्यय आहे आणि ‘डबा ने’ अशी आज्ञाही; तुर्कीत त्याचा अर्थ ‘काय’, हंगेरियनमध्ये आज्ञार्थाबरोबर येणारा ‘नको’, तर जपानीत वाक्याच्या शेवटी, आपल्या ‘ना?’सारखा, ऐकणाऱ्याची संमती मागणारा शब्द. सर्वांत विलक्षण म्हणजे ग्रीक आणि कोरियन या परस्परांशी नाते नसलेल्या भाषांत ‘ने’ म्हणजे चक्क ‘हो’! (कोरियन ‘ने’मधला ‘न’ परक्या कानाला कित्येकदा ‘द’सारखा ऐकू येतो.) तेलुगू, कन्नड किंवा आफ्रिकेतील भाषा जाणणाऱ्यांनी तिथला ‘ने’ पूर्ण वाक्यासह आणि ऱ्हस्व-दीर्घ उच्चार नोंदवून कृपया कळवावा.