मदत हवी आहे: नऊ महिन्यांच्या पुतण्याला डबल एऑर्टिक आर्च निघालाय

नमस्कार मंडळी,

डिचोलीहून लिहितोय. दादाच्या मुलाचा श्वास जन्मापासून वाजतो. दम्याच्या शिट्टीसारखा नव्हे, आदोळीवर नारळ खवताना येतो तसा खरखरीत, आणि श्वास आत घेताना जास्त. आधी पावसाळी सर्दी म्हणाले, मग बाळदमा. पाच महिने नेब्युलायझर चालला. (कुठल्या डॉक्टरांनी ते विचारू नका, भांडायचं नाहीये.)

खरा संशय आला तो खाण्यावरून. तिजण (नाचणीची पातळ पेज) गटागट पितो, पण मऊ भाताची चार शितं गेली की ठसका लागतो आणि सगळं बाहेर. झोपतो तोही मान मागे टाकून, धनुष्यासारखा. मान सरळ केली की आवाज वाढतो नि रडून उठतो. वहिनीने त्याचा झोपेतला व्हिडिओ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात दाखवला, तेव्हा बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका दोन्ही बाजूंनी दाबलेली दिसली. मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), आणि त्यात हा डबल एऑर्टिक आर्च निघाला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची कमान दुहेरी आहे.

आता गोंधळ असा की इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय उत्तम आहे. कप्पे, झडपा, सगळं ठीक. तरी ऑपरेशन सांगितलंय. आई म्हणते, काळीज चांगलं तर कापायचं काय? मोठा झाला की आपोआप मोकळं होईल. शिवाय शेजारच्या एकीने वहिनीला ग्रहणात सुरी धरली होतीस का म्हणून विचारलं, ते वेगळंच. थांबलं तर चालेल का? आणि ऑपरेशननंतर आवाज लगेच जातो का?

प्रतिसाद:

माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून लिहिते.

हृदयातून निघालेली महाधमनी वर जाऊन कमानीसारखी डावीकडून मागे वळते. गर्भात सुरुवातीला कमानी दोन्ही बाजूंना असतात, पुढे उजवी विरून जाते. आपल्या मुलांत ती विरली नाही. दोन्ही कमानी मागे जाऊन जुळल्या आणि श्वासनलिका, अन्ननलिका मधे सापडल्या. सासूबाईंना समजावताना मी दोन स्ट्रॉ एकत्र धरून रबरबँड घट्ट गुंडाळला होता. स्ट्रॉ चांगल्या, रबरही चांगला, पण फुंकून बघा. हे सगळं गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. तेव्हा कोणी सुरी धरली न् काय!

लक्षणं दिसत असतील तर थांबून ही कमानींची रिंग सैल होत नाही. उलट घट्ट अन्न सुरू झालं की त्रास वाढतो. बहुतेकांत उजवी कमान मोठी असते. जी लहान असेल ती बांधून कापतात, सहसा डाव्या बरगड्यांमधून. हृदय उघडत नाहीत, हार्ट-लंग मशीनही बहुधा लागत नाही. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी हे १९४५ सालीच केलं होतं, म्हणजे प्रयोग वगैरे नव्हे.

आवाजाचं मात्र मन घट्ट करा. इतके महिने दाबली गेलेली श्वासनलिका मऊ पडलेली असते. आमच्याकडे घरी आल्यावरही कित्येक महिने घरघर होती. ऑपरेशन फसलं म्हणून मी एका रात्री ढसाढसा रडले होते.

डॉक्टरांना विचारून घ्या: कोणती कमान कापणार, आणि २२ व्या गुणसूत्राची तपासणी हवी का? काही मुलांत त्याचा तुकडा गळालेला असतो आणि कॅल्शियम उतरतं. आणि ओठ निळे पडले किंवा श्वास मधेच थांबला तर तारखेची वाट बघू नका, सरळ १०८.

धागाकर्ता:

ताई, खूप आभार. स्ट्रॉ नव्हत्या, पपईच्या पानाचे दोन देठ घेऊन आईला दाखवलं. तिने स्वतः फुंकून बघितलं, रबर काढून फडताळात ठेवला आणि दादाला म्हणाली, दीनदयाळचं (सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड आधी शोध.

एक राहिलं. इथे पाऊस थांबेना आणि पोराचं नाक कायम वाहतं. सर्दी असली तर भूल देत नाहीत असं ऐकलंय. तुमच्या मुलीची तारीख त्यामुळे पुढे गेली होती का?